आठ मिलिमीटरची फट

१२ जानेवारी

प्रिय ठमे,

पत्र उघडून आधी सही बघितली असशील. हो, मीच. दादा. फाडायचं असेल तर जरा थांब, कामाचं पत्र आहे.

इकडे सगळं ठीक. वहिनीचा गुडघा कुरकुरतो, वहिनीही कुरकुरते, पण दोघंही चालतायत. माझी प्रकृती ठणठणीत. छप्पन्नाव्या वर्षीसुद्धा परांचीवर लिफ्टशिवाय चढतो. परांचीला लिफ्ट नसते, हा भाग वेगळा.

तुझा पत्ता तुझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडून मिळवला. तिनं मला पाच मिनिटं दारात उभं केलं, नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाली, "अकरा वर्षांनी?" मी म्हटलं, "कामाचं आहे." ती म्हणाली, "तरीच." मग दिला. फोन नंबरही देत होती, मी नको म्हटलं. फोनवर तू गप्प बसलीस तर मी काय करू? पत्रात निदान माझं मी बोलत बसतो, आणि चुकलं तर खोडता येतं.

तर काम असं. माझ्या ओळखीचा एक मिस्त्री आहे. हात सोन्याचा, डोकं जरा दगडी. त्यानं पूर्वी कधीतरी एका दुमजली इमारतीच्या दर्शनी भिंतीला दगडी लाद्या लावल्या होत्या. दोन बाय तीन फुटांची एकेक लादी, चाळीस किलोची. बाबा लावायचे तशा मागं सिमेंटचा माल भरून नव्हे, तर ती जी नवीन पद्धत आहे ना, तुझीवाली, तशा. भिंतीत बोल्ट, बोल्टवर स्टीलचं ब्रॅकेट, ब्रॅकेटमध्ये पिन, आणि पिन लादीच्या कडेतल्या भोकात. लादीमागं दीड इंच मोकळी हवा. दोन लाद्यांच्या मध्ये आठ मिलिमीटरची फट.

पुढे झालं असं, की त्या फटींत कुणीतरी सिमेंट भरलं. कुणी, ते माहीत नाही. जुनी गोष्ट आहे. आता लाद्यांच्या कडा तडकतायत, काही पोट काढून पुढं आल्यायत, आणि गेल्या महिन्यात एक कोपरा तुटून खाली उभ्या असलेल्या स्कूटरच्या सीटवर पडला. स्कूटर वाचनालयाच्या अध्यक्षांची. अध्यक्ष तेव्हा सीटवर नव्हते, आत पेपर वाचत होते. वाचनानं माणूस वाचतो तो असा.

बघ, वाचनालय म्हणून गेलो. असू दे. जगात वाचनालयं पुष्कळ आहेत.

तर त्या मिस्त्रीला हे जाणून घ्यायचंय, की त्या लाद्या उतरवून पुन्हा लावायच्या तर पिनेचं नक्की कसं करायचं? आराखडा कमिटीच्या फायलीत आहे, पण ती फाईल मागायला त्याला लाज वाटते. का वाटते ते मी विचारलं नाही. एखादं चित्र काढून पाठवलंस तर बरं होईल.

त्याची बाजूही सांगतो. तो जुन्या वळणाचा माणूस. बाबांची परीक्षा आठवते ना? दोन लाद्यांच्या सांध्यावरून अंगठ्याचं नख ओढायचे. नख अडकलं, की लादी खाली. मला एका दिवसात अकरा लाद्या उतरवायला लावल्या होत्या, आणि तू खाली वाळूच्या ढिगावर बसून मोजत होतीस, मोठ्यांदा. अशा हाताला कुणी सांगितलं, की बाबा रे, मुद्दाम फट ठेव, तर त्याच्या जिवाला कसं व्हावं?

बाकी विशेष काही नाही. अकरा वर्षांत बरंच काही झालं, पण ते कामाचं नाही.

तुझा
दादा

२ फेब्रुवारी

ठमे,

तुझं पाकीट मिळालं. आत एक कागद, कागदावर पेन्सिलीचं चित्र, आणि शब्द एक नाही. मी कागद उलटा केला, उजेडात धरला, पाकिटात फुंकर मारून बघितली. वहिनी म्हणाली, "काय शोधताय? चष्मा? तो डोळ्यांवर आहे."

चित्र मात्र फक्कड. हात अजून तसाच आहे तुझा, रेघ म्हणजे रेघ. पिनेचं खालचं टोक खालच्या लादीत चिकटवून टाकायचं, वरचं टोक वरच्या लादीत प्लास्टिकच्या नळीत मोकळं सोडायचं. उन्हानं दगड फुगला की त्याला सरकायला जागा. आणि फटीपुढं आठचा आकडा काढून त्याला तीन वेळा गोल केलायस. तीन वेळा! कागद फाटायचा बाकी होता. त्या मिस्त्रीला एकदा सांगितलं तरी कळतं गं.

त्यानं आधी सराव करायचं ठरवलं. मी त्याला म्हटलं, आमच्या घरामागच्या भिंतीवर कर. तीन लाद्या लावल्या. अगदी तुझ्या चित्राबरहुकूम. ओळंबा सोडला, दोरी धरली, सगळं सुतात. मग समोर स्टूल टाकून चहा घ्यायला बसलो. घोट उतरेना. ती फट सारखी डोळ्यांत खुपायला लागली. बाबा मागं उभे आहेत आणि अंगठ्याचं नख पुढं काढतायत असं वाटलं. उठलो आणि थोडंसं सिमेंट कालवून फट पुसून घेतली. थोडंसंच. वरच्या नळीत पिन हलते असंही वाटलं, म्हणून तिथंही चिकटवलं. मग चहा गोड लागला.

दुसऱ्या दिवशी वहिनी मागच्या दारी आली आणि म्हणाली, "नळ कुठं गेला?" तिसरी लादी नळावर बसली होती. मापं घेताना सगळं बघितलं, नळ तेवढा बघितला नाही. आता लादी काढायची, तर दोन्ही टोकं चिकटलेली, फट बुजलेली. जरा जोर लावला आणि कडेचा तळहाताएवढा टवका उडाला. लादी गेली कामातून.

मी भांबावून उभा. वहिनी म्हणाली, "दर पावसाळ्यात मोरीचं दार फुगतं म्हणून तुम्हीच रंधा घेऊन तासता ना? खाली फट ठेवता ना? मग दार तेवढं शहाणं आणि दगड मूर्ख?"

पस्तीस वर्षं मी दगड लावतोय, ठमे. आणि हे मला मोरीच्या दारावरून कळावं! तू तर मला तेव्हा दोन तास समजावलं होतंस, वहीत आकडे मांडून. पालथ्या घड्यावर पाणी. म्हणजे त्या मिस्त्रीच्या.

मधे मधे "मी" आलंय तिकडे लक्ष देऊ नकोस. लिहिताना सवय असते.

दादा

ठमे, पत्र पेटीत टाकायला माझ्या हातात दिलंय, म्हणून मीही चार ओळी लिहिते. तो ओळखीचा मिस्त्री आमच्याच घरात राहतो, माझ्या हातचं जेवतो आणि दुपारी घोरतो. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड ह्यांची जुनी आहे, ती तुलाही ठाऊक आहे. पण कोपरा पडल्यापासून वाचनालयावरून जाताना हे मान खाली घालून जातात. विचारलं की म्हणतात, रस्ता बघतोय. तू त्या मीटिंगमधून उठून का गेलीस, तेही मला अकरा वर्षांत सांगितलेलं नाही. तूच काय ते ह्यांना बोलतं कर. — वहिनी

२१ फेब्रुवारी

ठमे,

तुझं कार्ड आलं. या वेळी शब्द आहेत. मोजले, सात आहेत.

"त्या मिस्त्रीला विचार, फटींत सिमेंट कोणी भरलं?"

आज इकडे हवा छान आहे. शेजाऱ्यांनी घराला असा काही हिरवा रंग दिलाय, की बघून दात आंबतात. वहिनीच्या गुडघ्याला नवीन तेल आणलंय, वासानं शेजारी खिडक्या लावून घेतात, निदान रंगाची फिट्टंफाट झाली.

बरं. किती वेळ टोलवणार.

कमिटीनं लाद्या उतरवायला मलाच बोलावलं. ज्यानं लावल्या त्यालाच माहीत कशा काढायच्या, असं अध्यक्षांचं म्हणणं. चार दिवस झाले, काम चालू आहे. कमिटीनं एक इंजिनियर नेमलेत, आम्ही त्यांना चष्मेवाले साहेब म्हणतो, कारण गळ्यात एक आणि डोळ्यांवर एक असे दोन चष्मे. काल ते परांचीवर आले. मी एक लादी उतरवली, त्यांनी पिन हातात घेतली, फिरवून बघितली. सरळ. चकचकीत. आम्ही आतापर्यंत चौसष्ट काढल्यात, एकही वाकलेली नाही, एकीवरही गंज नाही. दगड जिथं जिथं फुटलाय, तिथं तिथं शेजारी सिमेंट आहे. चष्मेवाल्यांनी तुझा आराखडा उघडला आणि म्हणाले, "हे तर चोख आहे. मग ह्या फटी कोणी बुजवल्या?"

खालून अध्यक्ष ओरडले, "अहो, त्या बाईंची पद्धतच चुकीची होती. फायलीत लिहिलंय, रचना सदोष. ह्यांचीच बहीण ती, विचारा ह्यांना."

चष्मेवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छिन्नी शोधायला लागलो. छिन्नी हातातच होती. मूग गिळून बसलो, ठमे. दुसऱ्यांदा.

एक पिन खिशात घालून घरी आणली. ती आता समोर टेबलावर आहे, म्हणून हे लिहिता येतंय.

मी भरलं सिमेंट. तुला माहीत आहे, तू आलीस तेव्हाच बघितलंस. पण का भरलं, ते तुला मी कधी सांगितलं नाही. तू दुसऱ्या मजल्याच्या उरलेल्या पिना आणायला कारखान्यात गेली होतीस, चार दिवस. त्यात बाबांचे दोन जुने सोबती काम बघायला आले. एक म्हणाला, "तुझ्या बहिणीनं लाद्या लावल्यात की दात विचकलेत?" दुसरा सांध्यापाशी गेला, बाबांसारखं नख पुढं केलं, आणि मग अख्खं बोटच आत घालून दाखवलं. हसले दोघं. हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणून सोडायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं गं. बाबांच्या हाताखाली शिकलेला मी, आणि माझ्या भिंतीत बोट जातं!

रविवार होता. कामावर कुणी नव्हतं. बाबांची थापी घेतली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्याची एकूण एक फट भरली. दगडाची भुकटी मिसळून रंगसुद्धा मिळवला. काम असं साफ झालं, की आजही सांधा शोधावा लागतो. तू आलीस. ओरडलीस. उद्घाटन चार दिवसांवर होतं. मी म्हटलं, "तुझ्या सुया तुझ्यापाशी ठेव, भिंत मला कळते." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

एवढ्यावर भागलं असतं तर भावाबहिणीचं भांडण म्हणून मिटलं असतं. पण पुढच्याच उन्हाळ्यात चार लाद्या तडकल्या आणि कमिटीनं आपल्या दोघांना बोलावलं. अध्यक्षांनी विचारलं, "रचना कोणाची?" तू म्हणालीस, "माझी." मग मला विचारलं, "मिस्त्री, आराखड्याप्रमाणेच बसवलं ना?"

मी म्हटलं, "हो."

तू माझ्याकडे बघितलंस. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिलो. तू थांबलीस, पुष्कळ वेळ थांबलीस. मग पिशवी उचललीस आणि गेलीस. आधी त्या खोलीतून, मग गावातूनच. तोंड उघडलं असतंस तर या शहरात मला पुन्हा कुणी परांचीवर चढू दिलं नसतं. म्हणूनच तू उघडलं नाहीस. हे मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि कळूनही मी अकरा वर्षं काढली. ते तडे पुढं मीच बुजवले, आणखी सिमेंट घालून. आहे की नाही कमाल?

इथपर्यंतचं पत्र पाकिटात घालण्याआधी वहिनीला वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाजी निवडून द्या." दोन दिवस तेवढंच बोलली. आज सकाळी म्हणाली, "मीटिंग कधी आहे?"

चार मार्चला आहे. त्या दिवशीचं ते "हो" मला परत घ्यायचंय. तुला विचारत नाहीये, सांगतोय. मला कामावरून काढलं तर काढलं. भीती वाटते, पण ती माझी मी बघीन.

दादा

५ मार्च

ठमे,

बोललो.

आता नीट सांगतो, कारण तू तिथं असायला हवी होतीस.

वहिनीनं इस्त्रीचा शर्ट काढला. म्हटलं, लग्नाला चाललोय का? म्हणाली, "गप्प बसा, तिथं बोलायचंय तेवढं बोला." ती स्वतः बरोबर आली. गुडघ्यासकट दोन जिने चढली. कमिटीत बायकोला घेऊन येणारा मी पहिलाच. अध्यक्षांनी विचारलं, "वहिनी, आपलं काय काम?" ती म्हणाली, "काही नाही, हे पळून जाऊ नयेत म्हणून आले."

मी पिशवीतून दोन गोष्टी काढून टेबलावर ठेवल्या. एक तुझी पिन. दुसरी बाबांची थापी. म्हटलं, "साहेब, ही पिन माझ्या बहिणीची. अकरा वर्षं चाळीस किलोची लादी पेलून सरळ आहे. ही थापी माझी. फटीतलं सिमेंट हिनं भरलंय, मी भरलंय, माझ्या बहिणीला न विचारता. तुम्ही मला विचारलं होतं, आराखड्याप्रमाणे बसवलं का. मी हो म्हटलं होतं. ते खोटं होतं."

मग अध्यक्ष म्हणाले, "मिस्त्री, अकरा वर्षं झोपला होतात काय?"

मी म्हटलं, "नाही साहेब. जागा होतो. तोच तर त्रास."

ते खूप चिडले. चिडायलाच हवेत. म्हणाले, तुमच्या एका शब्दावर आम्ही एका शिकल्यासवरल्या मुलीला नावं ठेवली, आणि चारचौघांत ठेवली. मी म्हटलं, खरं आहे. म्हणाले, माझ्या स्कूटरची सीट फाटली. मी म्हटलं, तेही खरं आहे. ती भरून देतो म्हटलं, तर म्हणाले, "सीट राहू द्या, आधी फाईल आणा."

कारकुनानं फाईल आणली. "रचना सदोष" ही ओळ माझ्या डोळ्यांदेखत तांबड्या शाईनं खोडली. खाली लिहिलं, "रचना निर्दोष. दोष बसवण्यात. मिस्त्रींनी स्वतः येऊन सांगितले." चष्मेवाल्यांनी सही केली, अध्यक्षांनी केली, मी केली. वहिनीलाही करायची होती, पण रकाना नव्हता. त्या पानाची प्रत सोबत जोडतोय. भिंतीवर लाव, नाहीतर डब्याखाली घाल. पण ठेव.

मग प्रश्न आला माझा. मी मनाशी धरूनच चाललो होतो, की हा माझा शेवटचा दिवस. एक सभासद म्हणाले, असला माणूस परांचीवर नको. तेव्हा चष्मेवाले साहेब बोलले. म्हणाले, "फट का ठेवायची हे ज्याला अंगावर शेकून कळलंय, तो आता जन्मात बुजवणार नाही. मला हाच मिस्त्री हवा. फक्त प्रत्येक रांग मी तपासणार." आता या वयात दोन चष्म्यांच्या देखरेखीखाली शिकतोय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण चष्मेवाल्यांनी माझा पीळ रोज थोडा थोडा उलगडायला घेतलाय. नाक्यावरचा चहावाला मला "फटवाले" म्हणून हाक मारतो. चिडलो नाही. दोन कप घेतले.

आणखी एक ठरलं. दर्शनी भिंत पुन्हा तुझ्याच आराखड्यानं उभी करायची. दारावरच्या लाद्या डोक्यावर येतात, खालून माणसं जातात, म्हणून त्या रचना करणाऱ्यानं स्वतः तपासाव्यात असं कमिटीचं म्हणणं. तुला रीतसर पत्र येईल. त्यावर अध्यक्षांची सही असेल, माझी नाही.

मी ये म्हणणार नाही. तो हक्क मी स्वतःच घालवला. पण ठमे, तुझी आठवण येते. वाळूच्या ढिगापाशी कुणी लहान मूल बसलेलं दिसलं, की मी अजून थांबतो, ते मोजतंय का ते ऐकायला. माझं चुकलं. अकरा वर्षं चुकत होतं, रोज. माफ कर, नाही केलंस तरी मी समजेन.

तुझा
दादा

ता. क. घरामागच्या भिंतीवरच्या उरलेल्या दोन लाद्यांमधलं सिमेंट खरवडून काढलं. आता फटीसमोर स्टूल टाकून चहा घेतो. तीन दिवस घशात अडकला, चौथ्या दिवशी उतरला. नळही मोकळा झालाय.

१९ मार्च

ठमे,

कार्ड मिळालं. वहिनीनं आधी वाचलं, मग मला दिलं, मग परत घेतलं आणि देवघरात ठेवलं. मी म्हटलं, अगं, मला पुरतं वाचू तरी दे. तर तिनं तोंडपाठ म्हणून दाखवलं: "ओळखीच्या मिस्त्रीला सांग, दारावरची लादी मी येईपर्यंत लावू नये. एकोणतीसला दुपारी पोचते. वहिनी, गुडघ्याचं ते तेल बदला, त्याचा वास इथपर्यंत येतो."

ओळखीच्या मिस्त्रीला निरोप दिला. त्यानं चष्मा काढून पुसला. डोळ्यांत भुकटी गेली म्हणाला. त्या दिवशी दगड कापायचं मशीन बंद होतं.

खालचा मजला होत आलाय. चष्मेवाले आठ मिलिमीटरची प्लास्टिकची पट्टी घेऊन फिरतात, प्रत्येक फटीत घालून बघतात. परवा एका ठिकाणी पट्टी अडली. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी लादी खाली उतरवली. बाबांची आठवण झाली. परीक्षा तीच गं, फक्त नखाच्या जागी पट्टी आली.

तुझी खोली झाडली. मधे मी तिथं अवजारं ठेवत होतो, ती हलवली. वहिनी म्हणते, पोरगी येते आहे, दिवाण उन्हात टाका, पडदे धुवा, हे करा, ते करा. पोरगी चव्वेचाळीस वर्षांची आहे, हे तिला कोण सांगणार?

दादा

२९ मार्च
(दाराला चिकटवलेली चिठ्ठी)

ठमे,

घरी कुणी नाही बघून परत फिरू नकोस, तुझं नशीबच तसं. तुझी गाडी दुपारची, म्हणून मी स्टेशनवर यायचं ठरलं होतं, तर नेमकं आजच परांचीची जोडणी तपासायला माणूस आला आणि चष्मेवाल्यांनी बोलावून घेतलं. वहिनी म्हणाली, मी आणते तिला. ती स्टेशनवर गेलीय. तू तिला चुकवून आधी इथं पोचलीस तर समज, तिनं नेहमीप्रमाणे चुकीच्या फलाटावर ठाण मांडलंय. शेजारी सांगून ठेवलंय, ते तिला फोन करतील. हिरव्या घरात विचार.

किल्ली पायपुसण्याखाली. पाणी पी, हातपाय धू, पण बसू नकोस. सरळ वाचनालयावर ये. वाट तीच. लांबूनच भिंत दिसेल. सगळ्या फटी दिसतील, आणि छान दिसतात गं. ऊन तिरकं पडलं की लादी लादी वेगळी उठून दिसते. मला हे दिसायला अकरा वर्षं लागली.

दारावरची लादी लावलेली नाही. खाली पोत्यावर उभी करून ठेवलीय. वरच्या कडेला पिन चिकटवून तयार, खालच्या कडेतली नळी मोकळी, मी स्वतः फुंकर मारून तीनदा बघितली. फट तू धर, पट्टी तू घाल, बरोबर की चूक तू सांग. आराखड्याप्रमाणे आहे का असं अध्यक्ष आज पुन्हा विचारणार आहेत, सगळ्यांसमोर. मी ठरवलंय, या वेळी मी उत्तर देणार नाही. "ती देईल" म्हणणार.

परांचीखाली तो ओळखीचा मिस्त्री उभा असेल. त्याच्या पाया बिया पडू नकोस, तो तिथंच रडायला लागेल आणि मग चष्मेवाल्यांना समजावता समजावता नाकी नऊ येतील. नेहमीसारखी लांबूनच "दादा" म्हणून ओरड, मोठ्यांदा, वाळूवरून ओरडायचीस तशी.

लादी धरायचं काम माझं. चाळीस किलो आहे, मला एकट्याला सहज झेपते, तू काळजी करू नकोस.

खोटं आहे. झेपत नाही आता. लवकर ये.

दादा